मागं पाहायचं नाही

आमच्या विभागातून शेवटच्या दिवशी निघताना कुणी 'येतो' म्हणत नसे. इतर कुठेही 'जातो' म्हटलं की घरची माणसं दटावतात. आमच्याकडे उलटं. कॅन्सरच्या किरणांचा शेवटचा दिवस झाला की पेशंटनं 'जातो' म्हणायचं, आम्ही 'जा' म्हणायचं, आणि दारातून बाहेर पडताना मागं पाहायचं नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे अगदी पक्कं. त्यांच्याकडून मी तीनदा वदवून घेत असे: पुन्हा इथं येणार नाही, मागं पाहणार नाही.

हा नियम कुठल्या पुस्तकातला नव्हता. तो मी काढला होता. आजवर मी हे तीनच ठिकाणी सांगितलंय, आणि तेही उशिरा. दिवाळी अंकात असले विषय वाचायला लोकांना आवडतात की नाही, ठाऊक नाही. पण आता लिहितोच.

मी नाचणगावचा. अठ्ठावीस वर्षं झाली, जिल्ह्याबाहेरच्या एका इस्पितळात किरणोपचाराचा टेक्निशियन आहे. पुलगावहून गाडीनं जाणं-येणं. आमच्याकडचे लोक या उपचाराला 'सिकाई' म्हणतात, पण त्यात शेकण्यासारखं काही नसतं. अंगाला ऊब लागत नाही, दुखत नाही, काही दिसत नाही. जाड भिंतींची खोली, मधोमध टेबल, वर मशीन. पेशंटला झोपवायचं, जागा जुळवायची, आणि आपण सगळ्यांनी बाहेर यायचं. दार बंद. आत तो एकटा. आम्ही टीव्हीवर पाहत असतो. दीड-दोन मिनिटं. बाहेर आलेला पेशंट हमखास विचारतो, "झालं? मले तं काहीच नाई झालं."

काहीच नाही झालं. हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल.

डोकं आणि मान हलू नये म्हणून मुखवटा करतात. पांढऱ्या प्लॅस्टिकची जाळीदार पाटी असते. गरम पाण्यात ती साईसारखी मऊ होते. ती चेहऱ्यावर ओढून बसवायची, बोटांनी नाकाचा, हनुवटीचा, गळ्याचा आकार उमटवायचा. पाच-सात मिनिटांत थंड होऊन दगड होते. मग रोज तोच मुखवटा घालून टेबलाला अडकवायचा. आमच्या खोलीत मांडणीवर असे पंधरा-वीस चेहरे ओळीनं असत, डोळे मिटलेले. मुखवटे करण्यात माझा हात चांगला होता. मुलांच्या गळ्याला कड टोचू नये म्हणून हनुवटीखाली मी एक छोटी घडी घालायचो. ती घडी दुसरं कुणी घालत नसे. तिचा मला अभिमान होता.

आणि मी मोजायचो. मुखवट्यात मुलांना बोलता येत नाही. म्हणून बाहेरून माइकवर मी आकडे म्हणायचो, हळूहळू, एक... दोन... तीन... मुलांना सांगायचो, तुम्ही मनात म्हणा. बहुतेक मुलं त्यानं शांत राहत.

आता तो नियम. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सात वर्षांचं एक पोरगं होतं. शेवटच्या दिवशी दारात पोचल्यावर ते वळलं, आम्हाला हात हलवून टाटा केला. दोन महिन्यांत परत आलं. गाठ परत आली होती. पोळ्याच्या आधी ते गेलं. त्याच्या फाइलीत कारणं होती, डॉक्टरांनी समजावूनही सांगितली. माझ्या डोक्यात मात्र ते वळलेलं तोंडच राहिलं. पुढच्या मुलीच्या वेळी मी दारात उभा राहिलो, तिचं डोकं दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि म्हटलं, "मागं पाहायचं नाही हं." ती बरी झाली. मग नंतरचाही. मग ते बसलंच.

माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, ताईत, अंगारे सगळे बाहेर काढले होते. बाप त्याच वळणाचा. आमच्या घरी लिंबू-मिरचीची कुणाची हिंमत नव्हती. अशा घरातल्या मी विज्ञानाच्या खोलीत नवा अंगारा सुरू केला. बापाला कळलं असतं तर त्यानं मला घरात घेतलं नसतं.

रोहण्याची सुषमा अकरा वर्षांची होती, सहावीत. मानेत आणि छातीत गाठी. गाठींचा हा प्रकार मुलांमध्ये चांगला बरा होतो, आणि तीही बरी होत होती. मान आणि छातीचा वरचा भाग, दोन्हीकडे किरण. मोठी बोलकी पोरगी. मुखवटा काढला की पहिलं वाक्य, "काका, आज तुमी पंचावन्न दोनदा म्हनलं." मी म्हणायचो, "तुझी परीक्षा घेत होतो." ती म्हणायची, "बस्स करा, भुलले तुमी."

शेवटच्या दिवशी तिनं मुखवटा मागितला. मी दिला. तीनदा वदवून घेतलं. ती ताठ मानेनं, नवरीसारखी पावलं टाकत गेली. तिची आई कुसुमबाई मागं राहिली. हातात फेरतपासणीचं कार्ड.

"का जी, या कारडावर तं दर सा महिन्यानं आना म्हनून लिवलं हाय. अन् तुमी म्हनता येऊ नोको. कोनाचं आयकू?"

मी त्यांच्याच बोलीत बोललो. म्हणून ते जास्त पटलं असेल. "बाई, कारड तं सगळ्याईलेच देतेत. पोरगी चांगली झाली ना तुमची? मंग कायले आनता तिले पुन्हा या खोलीच्या हवेत?"

बाईंनी कार्डाची चार घड्यांची पट्टी केली आणि कमरेला खोचली. हात जोडले. आणि त्याही मागं न पाहता गेल्या.

माझं एवढंच वाक्य. मी ते विसरूनही गेलो.

सतरा वर्षं गेली. गेल्या जुलैत आंजीचा प्रवीण आला. पाच वर्षांचा असताना त्याच्या उजव्या गालातल्या गाठीला आम्ही किरण दिले होते. आता चोवीसचा गडी, मोटार मेकॅनिक. त्याचे उजवीकडचे दात हलत होते. आमच्याकडे नव्यानं आलेल्या डॉक्टर मॅडमनी त्याला तपासलं आणि मला विचारलं, "भगत, यांचा जुना मुखवटा आहे का?" जे मुलांनी नेले नाहीत ते मी माळ्यावर ठेवले होते. धूळ पुसून आणला. मॅडमनी तो त्याच्या तोंडावर धरला.

डावीकडे तो बसणं शक्यच नव्हतं. पूर्ण वाढलेल्या गालाला टेकून तो तिरपा उभा राहिला. पण उजवी बाजू, डोळ्याखालच्या हाडापासून हनुवटीपर्यंत, हलकेच जागेवर बसली. अगदी कट् असा आवाज आल्यासारखी. माझी घडी त्याच्या हनुवटीखाली जिथं पूर्वी होती तिथंच येऊन थांबली.

प्रवीण डाव्या बाजूनं हसला. "अर्धा मी आजून बालवाडीतच हाय म्हना ना."

मॅडमनी मुखवटा झटकन काढला. मग त्याला समजावलं, आणि मीही पहिल्यांदाच नीट ऐकलं. वाढत्या हाडाला किरण लागले की ते वाढायचं थांबतं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी लगेच काही बोलत नाही, वर्षानुवर्षांनी दमते. हृदयाच्या नळ्या लवकर म्हाताऱ्या होतात. मुलीच्या छातीला किरण लागले असतील तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका बायांना सहसा जडतो त्याच्या कितीतरी आधी येतो. म्हणून त्यांची तपासणी पंचविशीतच सुरू करायची असते. "उपचार चुकीचा नव्हता," मॅडम म्हणाल्या. "तो दिला नसता तर तू आज इथं बसला नसतास. पण उपचार संपला म्हणजे संपलं, असं नसतं. नजर ठेवावी लागते."

प्रवीण गेल्यावर त्यांनी जुनं रजिस्टर मागवलं. मुलांच्या नावांपुढचे फेरतपासणीचे रकाने पाहिले. कोरे. पान उलटलं. कोरे.

"इतकी मुलं बरी झाली आणि एकही परत येत नाही? असं कसं, भगत?"

मी म्हणालो, "खेड्यापाड्यातली माणसं आहेत, मॅडम."

त्यांनी पत्रं पाठवली. फोन लावायला लावले. कुणी आलं नाही. पत्ते बदलले असतील, असं त्या म्हणत राहिल्या आणि मी मान डोलवत राहिलो. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. यादीत सुषमाचं नाव होतं. ते वाचताना माझं ते वाक्य जसंच्या तसं माझ्या कानात आलं, माझ्याच आवाजात, माइकवरून यावं तसं.

रोहणा आमच्यापासून लांब नाही. पुलगाव-आर्वी रस्त्यावरच आहे. माझी बहीण आर्वीला असते. म्हणजे सतरा वर्षं मी त्या गावावरून जात-येत होतो.

ऑक्टोबरच्या एका रविवारी बसमधून उतरलो. दुपारचं ऊन नुसतं अंगावर येत होतं. घर विचारलं, कुणी म्हणालं, शाळेच्या मांगं, ज्वारीच्या वावरावरून जा. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत होतो. ज्वारीत बुजगावणं उभं होतं. अंगात जुना शर्ट, काठीचे हात. जवळ गेलो आणि पाय थांबले.

त्याला चेहरा होता. पांढरा, जाळीचा, आता पिवळा पडलेला. हनुवटीखाली माझी घडी.

हे प्लॅस्टिक उष्णतेनं मऊ होतं, मी वर सांगितलंच. आमच्या मे महिन्याच्या उन्हानं ते दर वर्षी थोडं थोडं ओघळलं होतं. गाल खाली आले होते. डोळ्यांच्या खोबणी लांबल्या होत्या. ओठ एका बाजूला उतरले होते. सुषमाच्या अकरा वर्षांच्या तोंडाची तिथं म्हातारी झाली होती, आणि ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. वाऱ्यानं जाळीतून बारीक शीळ येत होती. मी तिथून जवळजवळ पळालो, आणि खरं सांगतो, मागं पाहायची माझी हिंमत झाली नाही.

कुसुमबाई अंगणात होत्या. "कोन होय जी?"

मी इस्पितळाचं नाव सांगितलं. माझं सांगितलं. त्यांच्या हातातला झाडू खाली आला.

आत, दाराकडे पाठ करून, एक बाई जमिनीवर बसून सुपात तूर निवडत होती. त्या उकाड्यात तिच्या अंगात लोकरीचं स्वेटर होतं. माझा आवाज ऐकून तिचा हात थांबला. मग ती न वळता, जड, घोगऱ्या आवाजात म्हणू लागली, "एक... दोन... तीन... चार..."

मी चपला काढल्या आणि उंबऱ्यात उभा राहिलो.

"काका होय ना?" ती म्हणाली. "झोप नाई लागली की आजूनबी तुमचा आवाज येते मले. माय, थे मशीनवाले काका हाय."

"सुषमा, इकडे पाह्य ना, पोरी."

"नाई पाह्यत. तुमीच सांगतलं होतं ना."

मला वाटलं, थट्टा करते. ती थट्टा नव्हती. पदर सरकला होता. मी तिची मान पाहिली. ती मान मला ओळखू आली. तिच्यावर मी रोज खुणा जुळवल्या होत्या. खाली मोठ्या बाईचं सुजलेलं अंग होतं, आणि वर तीच अकरा वर्षांच्या पोरीची अरुंद मान, तेच चिमुकले खांदे.

कुसुमबाई बोलत सुटल्या. "लय पाळलं जी तिनं. रस्त्यानं कोनी मांगून हाका मारल्या तरी पाहे नाई. पोट्टे म्हनत, हिची मान अकडली. लगनाच्या दिवशी गाडीत बसली, मी रडून राह्यली, साऱ्या बाया रडून राह्यल्या, हिनं मांगं पाह्यलं नाई. सासरचे म्हने, कशी दगडाची पोरगी हाय. दोनदा पोट राह्यलं, दोनदा पडलं. आंग सुजलं. मे महिन्यात थंडी वाजते तिले. डाक्टर म्हने रक्त कमी हाय, लाल औषद देल्लं. मंग देल्ली आनून सोडून त्याईनं."

"डॉक्टरला जुना आजार सांगितला होता का?"

"कायले सांगन? थे तं संपलं होतं ना."

थंडी, सूज, घोगरा आवाज, न टिकणारं पोट. गळ्यातली दमलेली ग्रंथी. रोज सकाळची एक गोळी. ते कार्ड कुणी उघडलं असतं तर ही गोळी तिला कधीच मिळाली असती.

मी खाली बसलो, तिच्या पाठीमागं. म्हणालो, "सुषमा, ते मागं पाहायचं नाही, येऊ नको, हे कोणत्याच डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. मी मनानं काढलं होतं. मला भीती वाटायची म्हणून. कार्ड खरं होतं. मी खोटं बोललो."

सुषमानं सूप बाजूला सारलं.

कुसुमबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी इचारलं होतं ना जी तुमाले. उभी राहून इचारलं होतं, कोनाचं आयकू म्हनून. मी आंगठेबहाद्दर बाई. तुमच्या आंगात पांढरा कोट होता. मले कागदापरीस तुमचं तोंड खरं वाटलं."

"म्हंजे," सुषमा सावकाश म्हणाली, "मी पाह्यलं असतं तरी चाललं असतं?"

"पाहायलाच पाहिजे होतं."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "माय, तू चहा ठेव ना." आई चुलीकडे गेल्यावर तिनं आवाज खाली आणला. "काका, मले एक गाठ हाय. छातीत. संकरातीपासून. कोनालेच नाई सांगतली. सांगतलं असतं तं मांगं पाह्यल्यावानी झालं असतं ना."

आणि मग ती वळली. अख्ख्या अंगानं वळली, मान कशी वळवायची हे विसरल्यासारखी. पापण्या सुजलेल्या, चेहरा फुगलेला. डोळे मात्र पंचावन्न दोनदा म्हटल्याचं पकडणाऱ्या त्या पोरीचे.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गेलो. तिला मॅडमच्या खोलीत सोडलं, बाहेरच्या बाकावर तासभर बसलो, आणि ती तपासून निघाल्यावर आत जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. नियम, कार्ड, बाईंचा प्रश्न, माझं उत्तर. त्या रागावल्या नाहीत. पेन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "भगत, तुम्ही हे मला जुलैत का नाही सांगितलं?"

सतरा वर्षांना माझ्याजवळ काहीतरी उत्तर आहे. मला माहीत नव्हतं, मी भ्यालो होतो, तेव्हा कोणीच फार बोलत नव्हतं. पण जुलै ते ऑक्टोबर, या तीन महिन्यांना माझ्याजवळ उत्तर नाही. तेव्हा मला सगळं माहीत होतं. ती गाठ त्या तीन महिन्यांत वाढत होती.

गाठ कॅन्सरची निघाली. लहान होती, पण दोन वर्षांपूर्वी दिसली असती तर अजून लहान असती, असं मॅडम म्हणाल्या. एरवी अशा वेळी गाठ काढून बाकीचं वाचवतात आणि मग किरण देतात. सुषमाला किरण देता येणार नव्हते. त्या छातीनं आपला वाटा अकराव्या वर्षीच घेतला होता. म्हणून एक बाजू पूर्ण काढावी लागली. मग औषधं. केस गेले.

उरलेल्यांकडे तुम्हीच जा, असं मॅडमनी सांगितलं. म्हणून रविवारी यादी घेऊन हिंडतो. काही दारं उघडतात. एका गड्यानं मला अंगणातूनच हाकललं, त्याचं बरोबर होतं. एका घरी भिंतीवरच्या फोटोला हार होता. मी पाणी प्यायलो आणि कशासाठी आलो ते न सांगता उठलो. निम्मी वाट चालून आल्यावर परत फिरलो आणि सांगितलं. त्याची बहीण ऐकत होती. ते तिसरं ठिकाण. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे दादाचं हृदय त्याच्यामुळं गेलं?" मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

लहानपणी ज्यांना किरण मिळाले आहेत त्यांनी, कितीही ठणठणीत असले तरी, एकदा जावं. कुठं दिले, केव्हा दिले, त्याचा कागद जपावा. नव्या डॉक्टरला पहिलं तेच सांगावं. एवढं छापून आलं तरी पुरे.

यंदा गणपतीनंतर सुषमा तपासणीला आली. डोक्यावर बोट बोट केस. स्वेटर नव्हतं. म्हणाली, "काका, थे खोली दाखवा ना मले."

जुनं मशीन कधीच गेलं. नवं आहे. पण टेबल त्याच जागी आहे. तिनं टेबलावर हात ठेवला, भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "तुमी तिकून पाहत होते?"

"हो."

"मले वाटे, तुमी आतमंदीच हाय. दिसत नाई फक्त." मग हसली. "बुजगावन्याचं थे तोंड मायनं काढून टाकलं. पाखरं जास्त येऊन राह्यले आता."

दारापाशी ती थांबली. पाठ माझ्याकडे. ताठ.

"येतो, काका."

त्या दारात हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"म्हना ना. तुमी म्हनल्याबिगर मी हालत नाई. मायी बस जाईन."

"येजो," मी म्हणालो.

"कवा?"

"सहा महिन्यांनी. कार्डावर लिहिलंय."

"आता कसं," ती म्हणाली आणि निघाली. लांब व्हरांडा आहे आमचा. वळणापर्यंत तिनं मागं वळून पाहिलं. एकदा. दोनदा. तीनदा.

मी मोजत होतो.